जुन्या छापील अक्षराचं नाव सापडत नाही? शोध उलट्या टोकाने सुरू करा

डिझाइनवाल्याकडे मागणी बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: “हे आजोबांच्या काळातलं बिल आहे, नव्या लेटरहेडवर अगदी हेच इंग्रजी अक्षर हवं.” काळबादेवीच्या एखाद्या कापडवाल्याला दुकानाची पंचाहत्तरी साजरी करायची असते, दादरच्या एखाद्या प्रकाशकाला जुनी आवृत्ती त्याच रूपात पुन्हा काढायची असते. व्हॉट्सॲपवर फोटो येतो. तो फाँट ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला की पाच नावं निघतात, पाचही जवळची वाटतात आणि एकही नीट बसत नाही. मग दुसरं ॲप, आणखी पाच नावं.

ॲपला दोष देऊन उपयोग नाही. वॉटदफाँट, मॅचरेटर, फोटोशॉपमधलं मॅच फाँट ही सगळी साधनं तुमचा फोटो आजच्या डिजिटल फाँटांच्या साठ्याशी ताडून पाहतात. तुमच्या हातातला कागद मात्र शिशाच्या खिळ्यांनी (एकेक अक्षराच्या सुट्या ठशांनी), म्हणजे झिजलेल्या टाइपाने, ट्रेडल मशीनवर निघालेला असतो. ॲपचं काम वधूवर सूचक मंडळासारखं आहे. ते यादी देतं, पत्रिका जुळवणं तुमच्याकडे.

माझा अनुभव असा की नावापासून सुरुवात केली की माणूस गोल गोल फिरतो. हा कागद कधी छापला आणि कशाने छापला, हे आधी ठरवा. तेवढ्यानेच निम्मी नावं गळतात. आणि शेवटी जुळवायचं असतं ते कागदावर उमटलेल्या ठशाशी. नाव हाती लागलं तर चांगलंच, नाही लागलं तरी काम अडत नाही.

आधी हे पाहा: हा टाइप आहे तरी का?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. जुन्या बिलहेडवरचं दुकानाचं मोठं नाव पुष्कळदा टाइप नसतंच. चित्रकाराने हाताने काढलेल्या अक्षरांवरून जस्ताचा ब्लॉक करून घेतलेला असतो आणि खालच्या पत्त्याच्या ओळी तेवढ्या खिळ्यांनी जुळवलेल्या असतात. ओळखायची रीत सोपी आहे. एकच अक्षर तीन ठिकाणी शोधा, समजा कॅपिटल ए. टाइप असेल तर शाई कमीजास्त दिसेल, पण सांगाडा तोच राहील. हाताचं असेल तर एका ए ची आडवी रेघ जरा वर, दुसऱ्याची जरा खाली असणार. नाव कमानीत वळलेलं असेल, पहिल्या अक्षराची शेपटी पूर्ण शब्दाखालून गेली असेल किंवा अक्षरं एकमेकांत अडकवलेली असतील, तर ब्लॉक समजून चाला. कागद फारच जुना असेल तर शिळाछापही, म्हणजे दगडावरून छापलेलाही, असू शकतो. मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्यापासून तो चांगलाच रुजला होता.

ब्लॉक निघाला तर फाँट शोधणं तिथेच थांबवा. ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून नाव हाताने ट्रेस करा आणि फक्त पत्त्याच्या ओळींसाठी फाँट पाहा. फोर्ट आणि गिरगावातल्या जुन्या पाट्यांचंही तसंच. त्या पेंटरने रंगवलेल्या किंवा पत्र्यातून, लाकडातून कापलेल्या. त्यांना ‘जवळचा’ फाँट मिळतो, ‘तोच’ कधीच मिळत नाही. ग्राहकाला हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

कागदाचं वय काढा

तारीख लिहिलेली असेल तर उत्तम, पण कोऱ्या बिलबुकावर ती नसते. तरी बिल स्वतःच बरंच बोलतं, आणि मला या कामात सगळ्यात मजा इथे येते.

रकमेचे रकाने पाहा. रुपये, आणे, पै असे तीन रकाने असतील तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या पद्धतीचा आहे, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर काळ बहुधा १९५७ ते १९६४ मधला. १ जून १९६४ पासून ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ उरले. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे २’ किंवा ‘बॉम्बे ४’ असेल आणि सहा आकडी पिन नसेल, तर १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले आणि काळबादेवीचं २ हे ४००००२ झालं, गिरगावचं ४ हे ४००००४. अर्थात जुनं बिलबुक संपेपर्यंत वापरायची आपली सवय लक्षात घेऊन दोनचार वर्षं इकडेतिकडे धरा. ‘बॉम्बे’चं अधिकृत ‘मुंबई’ १९९५ मध्ये झालं. त्यानंतरही ‘बॉम्बे’ छापणारे पुष्कळ आहेत, तेव्हा या खुणेवर एकटीवर विसंबू नका.

मजकूर मराठी असेल तर शुद्धलेखन बघा. ‘नांव’, ‘कोठें’, ‘येथें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सगळीकडे असतील तर तो १९६२ च्या लेखननियमांआधीचा असण्याची शक्यता जास्त. ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी अ ची बाराखडी दिसली तर लिपिसुधारणेचं वारं लागलेला छापखाना समजा. खिळ्यांची संख्या कमी करणं हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. पुस्तक असेल तर काम आणखी सोपं. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं बंधनकारक होतं. बिलहेडवरही तळाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव असतं. भिंग लावा. त्याच छापखान्याचं दुसरं काही मिळालं तर हव्या त्या अक्षरांचे आणखी नमुने हाती येतात.

या वयाचा उपयोग काय? टाइम्स न्यू रोमन हे अक्षर लंडनच्या ‘द टाइम्स’साठी तयार झालं आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये त्या वर्तमानपत्रात पहिल्यांदा आलं. तुमचा कागद १९२८ चा ठरला तर ॲप कितीही खात्रीने ‘टाइम्स’ म्हणो, ते नाव कापून टाका. कूपर ब्लॅक १९२२ चं, विंडसर १९०५ चं, गाउडी ओल्ड स्टाइल १९१५ चं. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. १७२० च्या दशकात लंडनला विल्यम कॅस्लनने कोरलेलं अक्षर १९६० च्या बिलावरही आढळतं.

कशाने छापलंय?

कागद उलटा धरून बोट फिरवा. अक्षरं मागून हाताला लागली तर लेटरप्रेस, म्हणजे उठावाच्या टाइपाला शाई लावून दाबलेली छपाई. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते, कारण दाबामुळे शाई बाहेर ढकलली जाते. ऑफसेटमध्ये, म्हणजे सपाट पत्र्यावरून रबरामार्फत होणाऱ्या छपाईत, पाठ सपाट आणि शाई सारखी असते.

लेटरप्रेस निघाल्यावर पुढचा प्रश्न: खिळे हाताने जुळवलेले की लायनोटाइप मशीनने सबंध ओतलेली ओळ? स्मॉल एफ पाहा. लायनोटाइपच्या साच्यात अक्षराचा कोणताही भाग शेजारच्या अक्षरावर झुकू शकत नसे, म्हणून तिथे एफ ची चोच आखडून घेतलेली, अवघडलेली दिसते. शिवाय एकाच साच्यावर साधं आणि तिरपं अशी दोन्ही रूपं असल्याने दोघांची रुंदी सारखीच ठेवावी लागे. तिरपी अक्षरं विनाकारण पसरट वाटली तर संशय तिकडे न्या. हातजुळणीच्या खिळ्यांत एफ मोकळेपणाने पुढे झुकतो आणि मधेच एखादं अक्षर दुसऱ्याच फाँटचं घुसलेलं सापडतं. केसमधले (खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले) खिळे कमी पडले की जुळारी जे हाताशी असेल ते लावत असे. म्हणून ‘अर्धी अक्षरं जुळतात, अर्धी नाही’ अशी अडचण आली तर आधी हे तपासा: एकाच ओळीत दोन टाइप मिसळलेले असू शकतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फोटोटाइपसेटिंगची (फिल्मवर प्रकाशाने अक्षरं उमटवायच्या पद्धतीची) ओळख म्हणजे अक्षरं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली आणि कडा मऊ. नव्वदीनंतरचं काम डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या जुळणीचं, तिथे ॲप सहसा बरोबर नाव देतं आणि तुम्हाला या लेखाची गरजच पडत नाही.

फोटो नव्हे, स्कॅन

व्हॉट्सॲपचा फोटो चालणार नाही. कडेने वाकलेला, दाबून लहान केलेला, ट्यूबलाइटची सावली पडलेला फोटो ओळखीच्या कामाचा नसतो. मूळ कागद मागवा, ६०० डीपीआयने ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. थेट काळं-पांढरं स्कॅन करू नका. त्यात बारीक रेघा तुटतात आणि कॅस्लनचा बोडोनी (केसासारख्या बारीक रेघांचं अक्षर) होतो.

ॲपला देताना एकच ओळ कापा, ती सरळ करा, एकमेकांना चिकटलेली अक्षरं सुटी करा, शाईने बुजलेली पोटं (अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागा) मोकळी करा. ‘आय’, ‘एल’, ‘ओ’ यांच्यावरून काहीच कळत नाही. ‘जी’, ‘ए’, ‘आर’, ‘क्यू’, ‘डब्ल्यू’, ‘&’ आणि आकडे असलेला तुकडा द्या. पहिली दहा नावं लिहून घ्या आणि ॲप बंद करा.

कुठल्या अक्षराकडे पाहायचं

मी आधी स्मॉल जी कडे जातो. त्याचं खालचं पोट पूर्ण बंद नसून तोंड उघडं असेल तर बास्करव्हिलचा विचार करा. बास्करव्हिलच्या कॅपिटल सी ला वर आणि खाली दोन्हीकडे सेरिफ (टोकाची छोटी रेघ) असतो, ही जोडीची खूण. कॅपिटल ए चं टोक वरून खरवडल्यासारखं पोकळ दिसलं तर कॅस्लन. स्मॉल आय वरचा टिंब गोल नसून चौकट पत्त्यासारखा असेल तर गाउडी ओल्ड स्टाइल. स्मॉल ई ची आडवी रेघ तिरपी आणि एन, एम, एच यांचे उजवे पाय बाहेर झुकलेले असतील तर विंडसर. मोठ्या मथळ्यांत आणि जाहिरातींत ते आढळतं. आर ची तंगडी खाली येऊन परत वर वळलेली, जाड सेरिफ आणि टोकांना गोळे असतील तर क्लॅरेंडनच्या कुटुंबातलं. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्री या टाइप ओतणाऱ्या कारखान्याच्या रॉबर्ट बेस्लीने ते बाजारात आणलं आणि डिझाइन म्हणून त्याची नोंदणीही केली. नक्कल करणारे तरी थांबले नाहीत.

नक्कल हा शब्द आलाच आहे, तर तो नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे इंग्रजी टाइप बराचसा ब्रिटिश फाउंड्र्यांकडून यायचा. इलेक्ट्रोटाइपने (विजेच्या मदतीने तांब्याचा थर चढवून) दुसऱ्याच्या टाइपवरून साचे उठवायची युक्ती जगभर चालत असे, आणि त्यामुळे एकच अक्षर पाच फाउंड्र्यांच्या नमुन्यांच्या वह्यांत पाच नावांनी सापडतं. याचं ठळक उदाहरण चेल्टनहॅमचं.

हे अक्षर बर्ट्रम गुडह्यू या अमेरिकन वास्तुकाराने १८९६ च्या सुमारास आखलं, पुढे अमेरिकन टाइप फाउंडर्सने ते विकलं आणि ते प्रचंड चाललं. ब्रिटनमध्ये मोनोटाइपकडे त्याचं नाव ग्लॉस्टर, शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेककडे विंचेस्टर, अमेरिकेतल्या इंटरटाइपकडे चेल्टोनियन. कुणी ‘ग्लॉस्टर आहे’ म्हणालं आणि कुणी ‘चेल्टनहॅम आहे’ म्हणालं तर दोघंही बरोबर असू शकतात. ओळख सोपी आहे: वर जाणाऱ्या दांड्या लांब, खाली जाणाऱ्या शेपट्या आखूड, आणि कॅपिटल ए च्या टोकाचा उजवा दांडा डावीकडे किंचित पुढे आलेला.

नमुन्यांच्या वह्या बघायला कुठे जायची गरज नाही. अमेरिकन टाइप फाउंडर्सची १९१२ आणि १९२३ ची जाडजूड पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर पूर्ण पाहता येतात. मात्र मुंबईच्या कागदासाठी ब्रिटिश फाउंड्र्यांच्या वह्या आधी उघडा. ॲपने दिलेलं नाव तिथे जुन्या छपाईतच कसं दिसतं ते पाहा. ठशाची तुलना ठशाशी होते, स्क्रीनशी नाही.

नाव बरोबर, तरी जुळत नाही

आता खरी डोकेदुखी. चेल्टनहॅम नक्की झालं, ते विकत घेतलं, मजकूर टाइप केला, आणि शेजारी ठेवल्यावर दोन सावत्र भावंडं दिसतात. हा प्रकार इतक्या वेळा होतो की कारणं वेगळी सांगायला हवीत.

पहिलं कारण म्हणजे त्याच नावाचा वेगळा अवतार. दुकानांत सहज सापडणारा आयटीसी चेल्टनहॅम टोनी स्टॅन यांनी १९७५ च्या सुमारास नव्याने रेखाटला. त्यात स्मॉल अक्षरं मुद्दाम मोठी केली आहेत, त्या काळच्या जाहिरातींची आवडच तशी होती. १९४० च्या बिलाला तो कधीच बसणार नाही. बिटस्ट्रीमचं चेल्टनहॅम जुन्या धातूच्या टाइपाशी जास्त इमानदार आहे, ते बसतं. गॅरामाँडच्या बाबतीत गुंता याहून जुना. विसाव्या शतकातली कित्येक ‘गॅरामाँड’ खरं तर सतराव्या शतकातल्या ज्याँ जानाँच्या टाइपावरून काढलेली आहेत. बिआट्रिस वॉर्ड यांनी १९२६ मध्ये एका पुरुषाच्या टोपणनावाने लेख लिहून हे उघड केलं, तोवर विकणाऱ्यांनी नाव चिकटवून टाकलेलं होतं. म्हणून फाँट घेताना नावापुढचं बघा: कुणी काढला, कुठल्या नमुन्यावरून, कुठल्या साली.

दुसरं कारण आकार. धातूच्या टाइपात प्रत्येक पॉइंटसाठी (अक्षराच्या आकाराच्या मापासाठी) वेगळा पंच, म्हणजे पोलादी ठसा, कोरला जाई. ६ पॉइंटचं अक्षर २४ पॉइंटच्या तुलनेत रुंद, जाड आणि मोकळं असे, नाहीतर ते शाईत बुडालं असतं. डिजिटल फाँट बहुतेक वेळा एकाच आकारावरून काढलेला असतो आणि आपण तोच लहानमोठा करतो. त्यामुळे पत्त्याच्या बारीक ओळी नाजूक, पुसट दिसतात. उपाय: ज्यात ‘ऑप्टिकल साइझ’ची सोय आहे असा फाँट निवडा. बोडोनी मोडा आणि फ्रॉन्सेस या दोन्हींत ती आहे आणि दोन्ही मोफत आहेत. सोय नसेल तर लहान ओळींसाठी किंचित जाड वजन घ्या आणि अक्षरांतलं अंतर थोडं वाढवा.

तिसरं कारण शाई. कागदावर पसरलेली शाई अक्षर जाड करते, कोपरे गोल करते, बारीक पोटं बुजवते. डिजिटल अक्षराला हे भोगावं लागलेलं नाही, म्हणून ते वाजवीपेक्षा धारदार वाटतं. इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये अक्षरांना त्याच रंगाची अगदी बारीक बाह्यरेषा द्या, कोपरे गोल ठेवा, आणि मजकूर १० पॉइंटच्या आसपास असेल तर पाव पॉइंटच्या वर जाऊ नका. खोटे डाग, मुद्दाम उडवलेली शाई, ‘व्हिंटेज टेक्श्चर’ असले प्रकार टाळा. जुना जुळारी स्वच्छ छापण्यासाठी जिवाचा आटापिटा करत होता. त्याच्या नावाने घाण छापणं मला तरी पटत नाही.

तपासणीची एकच पद्धत मी विश्वासाने सांगेन. स्कॅन खाली ठेवा, त्यावर उमेदवार फाँटमध्ये तोच पूर्ण शब्द अर्धपारदर्शक लाल रंगात ठेवा, कॅपिटल अक्षरांची उंची जुळवा, आणि मग दुसरं काहीही ताणू नका. स्मॉल अक्षरांची उंची जुळते का? ओळीच्या शेवटी लाल अक्षरं किती पुढे किंवा मागे गेली? ओळ शेवटपर्यंत बसली तर तुम्ही मूळच्या अगदी जवळ आहात. सुरुवात जुळून शेवट घसरला तर अक्षर त्याच घराण्यातलं, पण कापणी, म्हणजे कोरलेली आवृत्ती, वेगळी. आडवं दाबून बसवायचा मोह होतो. तसं केलं की उभ्या रेघा बारीक होतात आणि जाणकार माणसाला ते लांबून कळतं.

पैसे न घालवता काय मिळतं

दुकानदाराला लायसन्सचा खर्च सांगितला की तो हमखास विचारतो, “फुकटात नाही होणार?” बऱ्याचदा होतं. ओपन फाँट लायसन्सखाली आलेले फाँट धंद्याच्या कामाला वापरता येतात, पीडीएफमध्ये घालता येतात, त्यांत बदलही करता येतो. फाँटची फाइल तेवढी सुटी विकता येत नाही.

टाइम्सच्या जागी टेक्स गिर टर्मीस किंवा टिनोस. शाळेच्या पुस्तकांतल्या सेंच्युरी स्कूलबुकच्या जागी टेक्स गिर स्कोला, हे मला मोफत पर्यायांमधलं सगळ्यात समाधानकारक वाटतं. क्लॅरेंडनसाठी बेस्ली, त्याच नोंदणी करणाऱ्याच्या नावाचा. गाउडीसाठी सॉर्ट्स मिल गाउडी. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या विद्वत्तापूर्ण पुस्तकांचा, उभ्या-आडव्या रेघांत मोठा फरक असलेला चेहरा हवा असेल तर ओल्ड स्टँडर्ड. खऱ्या गॅरामाँडच्या वळणासाठी ईबी गॅरामाँड, जे १५९२ च्या एका नमुनापत्रावरून काढलं आहे. कूपर, विंडसर, सूव्हेनिअर यांच्या गुबगुबीत घराण्यासाठी फ्रॉन्सेस.

लिब्रे बास्करव्हिलबद्दल सावध करतो, कारण जो तो तेच सुचवतो. ते १९४१ च्या अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या बास्करव्हिलवरून, पण स्क्रीनवरच्या वाचनासाठी बनवलं आहे. त्यातली स्मॉल अक्षरं मुद्दाम मोठी आहेत, जाड-बारीक रेघांतला फरक कमी केलेला आहे. वेबसाइटवर छान. जुन्या कागदाची प्रतिकृती करायला मात्र नको. आणि चेल्टनहॅमला जोड देणारा मनासारखा मोफत फाँट मला अजून मिळालेला नाही. तिथे खिशात हात घालावाच लागतो.

देवनागरीचं काय?

द्विभाषिक बिलहेड असेल तर इंग्रजी ओळखणारी ॲप्स देवनागरी ओळीपुढे हात टेकतात. इथे डोळाच वापरावा लागतो, आणि शक्यतांची संख्या कमी असल्याने ते तितकं अवघडही नाही. जावजी दादाजींचं निर्णयसागर, त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरं, आणि त्या वळणाचं अनुकरण करणारे टाइप, एवढ्यातच जुन्या मुंबईचा बराचसा मजकूर येतो. शिरोरेघेत अक्षरागणिक केसाएवढी फट दिसली तर ती हातजुळणी. ‘ख’ सुटा, ‘रव’सारखा दिसला तर जुना खिळा. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा १९७१ चा ग्रंथ मिळाला तर अखंड आणि डिग्री पद्धतीच्या टाइपांतला फरक एकदा समजून घ्या. अखंडमध्ये काना-मात्रा अक्षराशी जुळवून ओतलेल्या असत, डिग्रीत त्या वेगळ्या थरात बसवायच्या. वेलांटी शिरोरेघेपासून जराशी सुटलेली दिसते ती या दुसऱ्या प्रकारात.

डिजिटल पर्यायांत मी पहिल्यांदा टायरो देवनागरी लावून पाहतो. त्याच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या आहेत; आपल्याला मराठीची घ्यायची, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपोआप येतात. राज्य मराठी विकास संस्थेसाठी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेलं यशोमुद्रा आणि त्यावर आधारलेलं आयआयटी मुंबईचं शोभिका ही दोन्ही पुस्तकाच्या मजकुराला चांगली. शोभिकात जोडाक्षरांचा साठा मोठा आहे, जुन्या संस्कृतप्रचुर मजकुराला तो लागतो. एखाद्या फाँटमध्ये ‘ल’ हिंदी वळणाचा येत असेल तर फाँट फेकून देण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ लावून बघा, मराठी रूपं आत दडलेली असतात.

मूळ नमुना नव्वदीतल्या डीटीपीचा असेल आणि जुनी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर ती श्रीलिपीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची युनिकोडपूर्व फाइल आहे. तो फाँट बसवला की मजकूर दिसेल. नव्या कामासाठी मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि प्रूफ नीट वाचा, रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

फाँट ठरला की छापायच्या आधी त्यात काय नाही ते पाहा. जुन्या बिलावर ईमेल नव्हता, जीएसटी नंबर नव्हता, ‘₹’ तर जुलै २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं. जुन्या वळणाच्या कित्येक फाँटांत हे चिन्ह नसतं आणि सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्याच फाँटमधलं उचलून लावतं. ‘@’ असतो पण ओळीत उगाच उंच बसतो. दोन्ही टाइप करून एक प्रूफ काढा. ‘₹’ विजोड दिसत असेल तर ‘रु.’ छापा. आकडे खालीवर नाचणारे असतील तर जीएसटी नंबरासाठी एका उंचीचे आकडे लावा, बहुतेक चांगल्या फाँटांत दोन्ही असतात. आणि प्रूफ ज्या कागदावर बिलबुक निघणार त्याच कागदावर घ्या. चकचकीत आर्ट पेपरवर बारीक दिसणारं अक्षर मॅपलिथोवर (बिनचकाकीच्या साध्या कागदावर) चांगलंच फुगतं, तेव्हा बाह्यरेषा किती द्यायची ते त्यावरूनच ठरवा.